दुसऱ्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चे शॉक ॲब्सॉर्बर घरी बदलणे

घाटवळण

माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या छपराची गाडी १९८९ पासून बनते आहे आणि एप्रिल २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा गाठला. ब्रिटनमध्ये सध्या सर्वसामान्यांना परवडतात त्या प्रामुख्याने १९९८ ते २००५ या काळातल्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या गाड्या. माझ्या ओळखीतल्या इथल्या काही मराठी मंडळींनी त्या हौसेने घेतल्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाची एकच तक्रार कानावर येते, ती म्हणजे गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी चालते आणि खड्डा आला की आदळते. अशा बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन उत्तम असते, फक्त शॉक ॲब्सॉर्बर कारखान्यातून आलेले मूळचेच असतात. मी माझ्या गाडीचे चारही शॉक मिडलंड्समधल्या घराच्या अंगणात बदलले आहेत. मराठीत याविषयी सविस्तर लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

हे काम घरी होण्यासारखे आहे. त्यासाठी लिफ्ट लागत नाही आणि फार महागडी हत्यारेही लागत नाहीत. सपाट काँक्रीटची जागा, चांगला ट्रॉली जॅक, चार स्टँड, १४ आणि १७ मिलिमीटरचे पाने व सॉकेट, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच आणि दर्जेदार स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे हत्यार) एवढे पुरते. परंतु यातल्या दोन जागी घाई अजिबात चालत नाही. पहिली जागा दाबलेल्या स्प्रिंगजवळची आहे, कारण तिथे चूक झाली तर माणूस जखमी होतो किंवा जिवानिशी जातो. दुसरी जागा शेवटचे बोल्ट आवळण्याची आहे, कारण तिथे चूक झाली तर नव्या शॉकवर खर्च केलेले पैसे वाया जातात आणि हे गाडी चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

एमएक्स-५ च्या चारही चाकांना दुहेरी विशबोन पद्धतीची बांधणी आहे, म्हणजे चाकाला धरणारे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. शॉक आणि त्याभोवतीची स्प्रिंग हा एकच जोड खालच्या आर्मवर उभा असतो आणि वरच्या टोकाला दोन नटांनी बॉडीला धरलेला असतो. पुढचे वरचे नट बॉनेटखाली सहज दिसतात, तर मागचे डिक्कीतल्या अस्तराखाली लपलेले असतात आणि एका बाजूला इंधन भरण्याच्या नळीवरचे आवरणही काढावे लागते. शॉकचे खालचे टोक एकाच बोल्टने आर्मला जोडलेले असते. हे तीन बंध सोडले की शॉक हातात यायला हवा, पण तसे होत नाही, कारण पुढचा शॉक वरच्या आर्मच्या पोकळीतून गेलेला असतो आणि खालचा आर्म पुरेसा खाली वाकत नाही. त्यामुळे आर्मचा आणखी एखादा सांधा उघडावा लागतो. पुढच्या बाजूला मी वरच्या आर्मचा आतल्या बाजूचा लांब बोल्ट काढण्याची पद्धत वापरली. त्यात बॉल जॉइंटला (आर्म चाकाला जोडणाऱ्या गोळीच्या सांध्याला) हात लावावा लागत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी, गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या वजनावर उभी असताना, प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. या चार आकड्यांची शेवटी गरज पडते, तेव्हा ते कशासाठी हे पुढे सांगतो. चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करावेत. मग गाडीचे पुढचे टोक इंजिनखालच्या आडव्या सबफ्रेमच्या मध्यावर आणि मागचे टोक डिफरन्शियलच्या घरावर जॅक लावून उचलावे व गाडी चार स्टँडवर ठेवावी. एका वेळी एकच चाक उचलून काम करू नये, कारण तसे केल्यास अँटी-रोल बार (वळणावर कलणे रोखण्यासाठी दोन्ही बाजूंची चाके जोडणारा दांडा) उरलेल्या चाकाच्या जोरावर पिळलेला राहतो आणि त्याची जोडणी सुटता सुटत नाही. दोन्ही चाके लोंबकळत असली की तो बार मोकळा होतो आणि त्याची लिंक हाताने निघते.

त्यानंतर ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर जिथे क्लिपने धरली असेल तिथून सोडवून घ्यावी, म्हणजे चाकाचा भाग बाहेर झुकला तरी त्यांच्यावर ताण येणार नाही. शॉकचा खालचा बोल्ट, मग आर्मचा लांब बोल्ट आणि सर्वांत शेवटी वरचे दोन नट असा क्रम ठेवावा. वरचे नट आधी काढले तर अख्खा जोड खाली पडतो. बाहेर काढलेल्या जोडावर पुढचा-मागचा आणि डावा-उजवा अशी खूण रंगाने करावी. वरच्या माउंटच्या (शॉकला बॉडीशी जोडणाऱ्या तुकड्याच्या) दोन स्टडची दिशा आणि खालच्या डोळ्याची (बोल्ट जातो त्या कड्याची) दिशा यांचा परस्परसंबंध दाखवणारी सरळ रेघही ओढून ठेवावी. नवा शॉक जोडताना ही रेघ जुळली नाही तर जोड गाडीत बसतच नाही आणि स्प्रिंग पुन्हा दाबावी लागते.

आता शेवटच्या आवळण्याबद्दल. शॉकच्या खालच्या डोळ्यात आणि आर्मच्या सांध्यांत रबराचे बुश असतात. बुशमध्ये आतली लोखंडी नळी आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये रबर पक्के चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला घट्ट धरली जाते आणि त्यापुढे आर्मची हालचाल केवळ रबर पिळले गेल्यामुळे होते. चाक लोंबकळत असताना हा बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. परिणामी गाडी मूळ उंचीपेक्षा उंच बसते, लहान खड्ड्यांवर ताठ वागते आणि बुश लवकर फाटतात. लोक मग नव्या शॉकला दोष देतात. म्हणून हे सगळे बोल्ट आधी फक्त हाताने घट्ट करावेत आणि गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्यानंतरच टॉर्क रेंचने पूर्ण आवळावेत. सुरुवातीला मोजलेले चार आकडे इथे उपयोगी पडतात. काही जण खालच्या आर्मखाली जॅक लावून ती उंची गाठण्याचा प्रयत्न करतात, पण जेमतेम एक टन वजनाची ही गाडी उंची गाठण्याआधीच स्टँडवरून उचलली जाण्याचा धोका असतो. चाके बसवून गाडी रॅम्पवर किंवा जाड लाकडी फळ्यांच्या भक्कम थरावर उभी करावी आणि खाली सरकून बोल्ट आवळावेत, हे अधिक सुरक्षित आहे. टॉर्कचे आकडे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावेत. चाकांच्या नटांसाठी ते ८९ ते ११८ न्यूटन-मीटर आहेत.

प्रश्न आणि सुधारणा दोन्हींचे स्वागत आहे.

शिकाऊ_हात

फार उपयुक्त लेख आहे, आभारी आहे. माझी गाडी याच पिढीची असून सध्या मागचा डावा शॉक तेलकट दिसतो. तो एकच बदलला तर चालेल का? शिवाय तेलकटपणा आणि गळती यांतला फरक कसा ओळखायचा, हेही समजून घ्यायचे आहे. गाडीचा कोपरा दाबून सोडला तर ती एकदाच वर येऊन थांबते, म्हणजे शॉक चांगला आहे असे मी ऐकले होते.

कमानपाटा

मी नाशिक आणि चाकण परिसरात शॉक ॲब्सॉर्बरच्या चाचणीचे काम अनेक वर्षे केले आहे, त्यामुळे शिकाऊ_हात ताईंच्या प्रश्नाचे उत्तर थोडे मुळापासून देतो.

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉक ॲब्सॉर्बर वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची हालचाल शांत करतो. आतला पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपांतून ढकलले जाते आणि हालचालीच्या ऊर्जेची उष्णता होते. महत्त्वाची गोष्ट अशी की शॉकचा विरोध तो किती दबला यावर नव्हे, तर किती वेगाने दबला यावर ठरतो. म्हणून चाचणीयंत्रावर आम्ही वेग आणि बल यांचा आलेख काढतो. सेकंदाला दहा सेंटिमीटरपर्यंतच्या संथ हालचालीत गाडीचे वळणावर कलणे आणि ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणे येते. खड्डा किंवा गतिरोधकाची कड लागते तेव्हा वेग त्याच्या कितीतरी पट असतो. चांगल्या शॉकमध्ये संथ वेगाला पुरेसा विरोध असतो आणि वेग वाढला की झडपा उघडून तो विरोध आटोक्यात राहतो. शिवाय शॉक लांब होताना होणारा विरोध दबताना होणाऱ्या विरोधापेक्षा बराच अधिक ठेवतात. प्रवासी गाड्यांत तो साधारण दुप्पट ते तिप्पट असतो, कारण दाबली गेलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत देते तेव्हाच तिला आवरायचे असते.

जुना झालेला शॉक एका रात्रीत निकामी होत नाही. पिस्टनच्या दांड्याभोवती तेल अडवणारे सील झिजते, तेल कमी होते, तेलात हवेचे बुडबुडे मिसळू लागतात आणि पिस्टन दिशा बदलतो त्या क्षणी काही काळ विरोधच मिळत नाही. आलेखावर ही पोकळी स्पष्ट दिसते. चालकाला मात्र ती दिसत नाही, कारण झीज इतकी सावकाश होते की चालकाचे हात तिला सरावतात. कोपरा दाबण्याची चाचणी फारच ठोकळ आहे. हाताने दाबल्यावर मिळणारा वेग संथ असतो आणि आर्मच्या बुशचे रबर, सीलचे घर्षण या गोष्टीही गाडीला थांबवतात. ती चाचणी पूर्ण मेलेला शॉक दाखवते, अर्धा मेलेला दाखवत नाही. त्यापेक्षा टायरवर ठरावीक अंतराने झिजलेले खळगे, मोटरवेवरील सांध्यांवर गाडी एकदा हलून शांत होण्याऐवजी दोनदा हलणे आणि वळणाच्या मधोमध उंचवटा आल्यावर मागचे टोक बाजूला सरकणे, या लक्षणांकडे लक्ष द्यावे.

तेलाबाबत सांगायचे तर दांड्याच्या सीलभोवती तेलाचा हलका थर आणि त्यावर धूळ असणे स्वाभाविक आहे, कारण दांडा वर-खाली होताना सीलला ओलावा लागतोच. परंतु तेल शॉकच्या अंगावरून खाली ओघळलेले असेल आणि पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा ओघळत असेल, तर तो गळका शॉक आहे. असा शॉक एकटा बदलू नये. एका आसावरचे दोन्ही एकदम बदलावेत आणि वीस वर्षांच्या गाडीत शक्यतो चारही बदलावेत. डाव्या-उजव्या शॉकच्या विरोधात फरक राहिला तर जोरात ब्रेक दाबताना गाडी सरळ राहत नाही.

दोन_आसनी

घाटवळण यांनी लिहिलेला क्रम योग्य आहे, मात्र यॉर्कशरमध्ये राहणारा म्हणून एका बाबतीत मला वेगळे मत मांडायचे आहे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि या गाडीचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून अक्षरशः वेल्ड झाल्यासारखे होतात. मागच्या बाजूला चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसते त्या धातूच्या भागाला) खालच्या आर्मशी जोडणारा लांब बोल्ट यासाठी कुप्रसिद्ध आहे. नट निघतो, पण बोल्ट जागचा हलत नाही, आणि जोराने फिरवला तर त्याच्याबरोबर आतली नळी फिरून रबर फाटते. म्हणून शॉक मागवण्याआधी हे बोल्ट फिरतात का ते पाहावे. आदल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी गंज सुटवणारे तेल फवारत राहावे, घट्ट बोल्ट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवून मग सोडवावा आणि तरीही न निघाल्यास करवतीने कापण्याची तयारी ठेवून नवे बोल्ट व बुश आधीच आणून ठेवावेत. रबराच्या बुशजवळ, ब्रेकच्या नळीजवळ आणि मागे इंधनाच्या टाकीजवळ उघडी ज्योत वापरू नये.

पुढच्या बाजूला लांब बोल्टऐवजी मी खालच्या बॉल जॉइंटचे आर्मकडचे बोल्ट सोडवतो. त्याने खालचा आर्म भरपूर खाली जातो आणि वरच्या आर्मचे गंजलेले बुश अस्पर्श राहतात. कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीला लांब बोल्टची पद्धत सोपी पडेल, मिठात राहिलेल्या गाडीला माझी पद्धत सोपी पडेल असे मला वाटते. दोन्हीपैकी कोणतीही पद्धत वापरली तरी खालच्या आर्मच्या आतल्या टोकाचे बोल्ट मुळीच सैल करू नयेत. त्यांच्यावर विकेंद्री (भोक मध्यापासून बाजूला असलेल्या) चकत्या असतात आणि चाकांची सगळी भूमिती, म्हणजे चाकांचे कोन, त्या चकत्यांवर ठरते.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते शॉकपेक्षाही आधी पाहायला हवी. या गाडीचे सिल (दारांखालच्या पत्र्याच्या कडा), विशेषतः मागच्या चाकाच्या पुढचा भाग, आतून गंजतात. बाहेरून रंग चांगला दिसतो आणि जॅक किंवा स्टँड लावला की पत्रा आत जातो. ज्या कडेवर स्टँड ठेवणार ती आधी बोटांनी आणि हातोडीच्या दांड्याने ठोकून तपासावी, आवाज भरीव आला तरच त्यावर विश्वास ठेवावा आणि कडेला बसणारी खाच असलेला रबरी ठोकळा मध्ये ठेवावा. ब्रिटनमधल्या वार्षिक एमओटी तपासणीत सस्पेन्शनच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आतला गंज नापास करण्याचे कारण ठरू शकतो, तसेच जोरात गळणारा शॉकही. तेव्हा शॉकवर खर्च करण्यापूर्वी पत्र्याची अवस्था माहीत असणे केव्हाही बरे.

घाटवळण

दोन_आसनी यांची दुरुस्ती मी मनापासून स्वीकारतो. माझी गाडी आधीच्या मालकाने हिवाळ्यात झाकून ठेवली होती, त्यामुळे लांब बोल्ट सहज निघाले. गंजलेल्या गाडीला त्यांची पद्धत योग्य आहे.

आता स्प्रिंगविषयी, कारण मूळ लेखात मी ते सविस्तर लिहिले नाही आणि व्यक्तिगत निरोपांतून बरेच प्रश्न आले आहेत. समजा एखाद्या स्प्रिंगचा ताठपणा प्रत्येक मिलिमीटरला ३० न्यूटन आहे आणि ती ८० मिलिमीटर दाबली आहे. तिच्यात २४०० न्यूटनचे, म्हणजे जवळजवळ अडीचशे किलो वजनाइतके बल आहे आणि ते एका क्षणात सुटू शकते. एवढ्या जोराने उडालेले वरचे माउंट हाड मोडते. यासाठी स्वस्तातला, पातळ आकड्यांचा (हुकांचा) कॉम्प्रेसर वापरू नये. एमएक्स-५ ची स्प्रिंग अरुंद आहे, म्हणून मोठ्या गाड्यांसाठीचे जाड आकडे तिच्यावर नीट बसत नाहीत हेही तपासून घ्यावे.

दोन्ही आकडे एकमेकांच्या बरोबर समोर लावावेत, शक्य तितके जास्त वेढे पकडावेत आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे फिरवावेत, म्हणजे स्प्रिंग एका बाजूला वाकणार नाही. कॉम्प्रेसरवर इम्पॅक्ट गन (धक्के देत बोल्ट फिरवणारे यंत्र) कधीही चालवू नये. आट्यांना आधी ग्रीस लावावे. काम चालू असताना शॉकची दोन्ही टोके कोणत्याही माणसाच्या दिशेने असता कामा नयेत आणि आपले डोके स्प्रिंगच्या अक्षावर कधीही आणू नये. स्प्रिंग आपल्या बैठकीतून हाताने हलते एवढी सैल झाली की मगच वरचा मधला, म्हणजे दांड्याच्या टोकावरचा नट उघडावा. तो उघडताना दांडा फिरू लागतो, तेव्हा दांड्याचे टोक ॲलन पान्याने धरावे. दांड्याच्या चकचकीत भागाला पकड लावू नये, कारण तिथे एक ओरखडा पडला तरी तो नव्या सीलला चिरत राहतो.

नवा शॉक दुहेरी नळीचा, म्हणजे एका नळीत दुसरी नळी असलेला असेल तर तो उभा धरून काही वेळा पूर्ण दाबावा व सोडावा, म्हणजे साठवणीत आडवा पडल्यामुळे आतल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते. एकेरी नळीच्या शॉकमध्ये तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे त्याला याची गरज नसते. तो दाबून सोडला की आपोआप लांब होतो आणि म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात पट्ट्याने बांधून येतो. तो पट्टा कापताना सांभाळून कापावा.

बम्प स्टॉपकडे (शॉक पूर्ण दबताना धक्का झेलणाऱ्या फोमच्या ठोकळ्यांकडे) लोक दुर्लक्ष करतात, पण या गाडीत ते अतिशय महत्त्वाचे आहेत. शॉकची दबण्याची जागा मुळातच कमी असल्यामुळे गाडी नेहमीच्या वापरातसुद्धा बम्प स्टॉपवर टेकते आणि जुने फोम चुरा झालेले असले की ती टेकणूक धातूवर धातू आदळावा तशी होते. शॉक बदलताना बम्प स्टॉप, धूळरोधक आवरण आणि वरचे माउंट नवे घ्यावेत. पहिल्या पिढीच्या गाडीत दुसऱ्या पिढीचे वरचे माउंट बसवले तर दबण्याची जागा थोडी वाढते, त्यामुळे जुन्या गाडीचे अनेक मालक तसे करतात.

स्प्रिंग दाबण्याची भीती वाटत असेल तर अंगणात फक्त जोड काढावेत आणि नवे शॉक व माउंट घेऊन ते गॅरेजमध्ये न्यावेत. भिंतीवरच्या भक्कम यंत्राने त्यांना हे काम थोड्या वेळात करता येते. घरी काम करण्यातला आनंद त्याने कमी होत नाही आणि धोका मात्र जवळजवळ संपतो.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. एन्नेपेटालची बिल्स्टीन कंपनी या गाडीसाठी शॉक बनवते आणि दुसऱ्या पिढीच्या काही प्रकारांत तिचे शॉक कारखान्यातूनच येत असत. एकेरी नळीचा वायुदाब शॉक फ्रेंच अभियंता द कार्बों यांच्या पेटंटवर आधारलेला आहे. बिल्स्टीनने तो १९५७ पासून मर्सिडीजसाठी मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. त्यांच्या श्रेणीत बी४ मूळ शॉकच्या जागी, बी६ मूळ स्प्रिंगबरोबर पण अधिक ताठ, आणि बी८ गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगसाठी कमी लांबीचा, असा फरक आहे. खाली बसवणारी स्प्रिंग आणि मूळ लांबीचा शॉक ही जोडी करू नये, कारण शॉकची आधीच कमी असलेली दबण्याची जागा आणखी घटते.

इथे स्प्रिंग बदलून उंची कमी केली तर त्या भागांचे प्रमाणपत्र लागते आणि बहुतेक वेळा तपासणीसाकडून ती नोंद गाडीच्या कागदपत्रांत करून घ्यावी लागते. कागद नसतील तर पुढच्या तपासणीत गाडी अडते. भाग विकत घेण्यापूर्वी प्रमाणपत्रात आपल्या गाडीचा प्रकार नमूद आहे का, हे वाचून घ्यावे.

सह्यकडा

पुण्यातून लिहितो आहे. ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, तेव्हा माझा प्रश्न आपल्याकडच्या गाड्यांबद्दल आहे. माझ्या छोट्या हॅचबॅकचे पुढचे शॉक घरी बदलताना हीच पद्धत लागू होईल का? रस्त्याकडेच्या एका गॅरेजात स्प्रिंगला दोरखंड बांधून नट उघडताना मी पाहिले आणि तेव्हापासून गाडी तिथे द्यावीशी वाटत नाही.

कमानपाटा

दोरखंडाचा प्रकार मीही पाहिला आहे. तो कोणत्याही परिस्थितीत करू नये आणि करणाऱ्याच्या जवळही उभे राहू नये.

भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. तिथे वरचा आर्म नसतोच, शॉक स्वतःच चाकाला उभे धरतो आणि सामान्यतः दोन जाड बोल्टांनी नकलला जोडलेला असतो. त्यामुळे बाहेर काढणे एमएक्स-५ पेक्षा सोपे आहे. मात्र त्या दोन बोल्टांच्या भोकांत किंचित सैलपणा असतो आणि तिथेच चाकाचा उभा कोन बदलतो, म्हणून उघडण्यापूर्वी ब्रॅकेट आणि नकल यांवर खूण करावी आणि काम झाल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून जुळवणे) करणे अनिवार्य समजावे. वरच्या माउंटमध्ये बेअरिंग असते, कारण स्टिअरिंग फिरवताना सगळा स्ट्रट फिरतो. ते कुरकुरत असेल तर त्याच वेळी बदलावे. स्प्रिंगचे सगळे नियम जसेच्या तसे लागू आहेत.

शिकाऊ_हात

सर्वांच्या मार्गदर्शनाने चारही शॉक बदलून झाले. स्प्रिंगचे काम गॅरेजमधून करून घेतले, बाकीचे घरी केले. मागचा एक लांब बोल्ट कापावा लागला, पण नवा आधीच आणलेला होता. गाडी आता मोटरवेवर शांत चालते. एकच शंका उरली आहे. कमी वेगात गतिरोधकावरून जाताना पुढच्या उजव्या बाजूने टक् असा आवाज येतो आणि वेग वाढला की तो ऐकू येत नाही. शिवाय अलाइनमेंटसाठी कोणते आकडे मागावेत?

घाटवळण

ताई, अभिनंदन. कमी वेगातच येणारा टक् आवाज बहुतेक वेळा तीन जागांवरून येतो. पहिली जागा वरच्या माउंटचा मधला नट, जो माउंटवर पूर्ण बसलेला नसेल तर दांडा माउंटमध्ये वर-खाली ठोकतो. बॉनेट उघडून कुणाला तरी गाडीचा तो कोपरा हलवायला सांगावे आणि आपण माउंटजवळ बोट ठेवावे, हालचाल असेल तर बोटाला ती जाणवते. दुसरी जागा अँटी-रोल बारची लिंक. तिचा नट गाडी जमिनीवर असताना पुन्हा तपासावा. तिसरी जागा स्प्रिंगचे टोक. बैठकीच्या पायरीला ते टेकले नसेल तर भार आल्यावर स्प्रिंग फिरून जागेवर येते आणि आवाज करते. चाक काढून विजेरीच्या उजेडात हे दिसते. आवाज मधल्या नटाचा असेल तर कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नये.

अलाइनमेंट आठवडाभर गाडी चालवून, रबर आणि स्प्रिंग आपापल्या जागी बसल्यानंतर करावी. रस्त्यावरच्या वापरासाठी या गाडीचे बरेच मालक पुढच्या चाकांना उणे एक अंशाच्या आसपास आणि मागच्यांना त्याहून थोडा अधिक, म्हणजे उणे दीड अंशाच्या जवळ उभा कोन ठेवतात (उणे म्हणजे चाकाचे वरचे टोक आत झुकलेले), पुढची टो (चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणे) शून्याजवळ आणि मागची किंचित आत. गॅरेजला आधी विचारून घ्यावे की ते चारही चाकांच्या विकेंद्री चकत्या फिरवतील का, कारण काही ठिकाणी फक्त पुढची टो जुळवून पूर्ण पैसे घेतात. चकत्यांचे बोल्ट गंजले असतील तर त्यांवरही आदल्या आठवड्यापासून तेल फवारून ठेवावे. मोजणी होताना आपल्या वजनाइतका भार चालकाच्या जागेवर ठेवायला सांगावे, कारण इतक्या हलक्या गाडीत चालकाच्या वजनाने उजव्या बाजूचे कोन बदललेले मोजणीत दिसतात.

दोन_आसनी

ताई, कापलेल्या बोल्टच्या जागी बसवलेल्या नव्या बोल्टला बुशच्या नळीच्या आत जाणाऱ्या भागावर तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे अँटी-सीझ ग्रीस लावले होते का? लावले नसेल तर अलाइनमेंटपूर्वी तो बाहेर काढून लावावे. आट्यांवर मात्र ते येऊ देऊ नये, कारण आट्या ओल्या असल्या की पुस्तिकेतल्या टॉर्कला बोल्ट प्रत्यक्षात गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

शिकाऊ_हात

लावले नव्हते. शनिवारी गाडी पुन्हा रॅम्पवर घेऊन तो बोल्ट काढते, आणि त्याच वेळी पुढचा उजवा मधला नट तपासून इथे कळवते. आज बोट ठेवून पाहिले तेव्हा माउंटजवळ बारीक हालचाल जाणवली, म्हणून तोपर्यंत गाडी अंगणातच उभी राहील.